शेवटचा न

देशावरून बदली होऊन आलेला पोलीस साहेब रत्नागिरीत दोन गोष्टींनी टेकीला येतो. एक घाम आणि दुसरी बोली. घामाला पंखा असतो. बोलीला त्या ठाण्यात सावित्री शिवगण होती.

ठाणं शहराबाहेरचं, नाव कशाला घ्या. वरच्या अंगाच्या गावांतून माणसं तक्रारी घेऊन तिथं यायची. एखादी म्हातारी पदर खोचून टेबलापुढं उभी राहायची आणि एका दमात सांगायची, "कोंबडा नेलान, वई मोडलीन, आनि वर मलाच शिव्या दिल्यान!" सोलापूरकडचा साहेब पंख्याखाली बसून सावित्रीकडं बघायचा. सावित्री संगणकावर टाइप करायची, 'शेजाऱ्याने फिर्यादीचा कोंबडा नेला, कुंपण मोडले व फिर्यादीस शिवीगाळ केली.' साहेब खूश, म्हातारी खूश. शेजारी तेवढा खूश नसायचा.

सावित्री पालीच्या पलीकडच्या गावातली, कुणब्याची मुलगी. गावातल्या बाप्यांनी मुंबईची वाट धरायची आणि बायांनी शेती सांभाळायची, हा तिथला शिरस्ता. सावित्रीनं तो मोडला आणि पोलिसात भरती झाली. नवऱ्यानं, रामानं, मात्र शिरस्ता पाळला; तो मुंबईत एका छापखान्यात होता आणि गणपतीला, शिमग्याला पाहुण्यासारखा यायचा. खात्यात आल्यावर सावित्रीच्या लक्षात आलं, की आपल्याला धावता येत नाही, ओरडता येत नाही, पण गावचं बोलणं कागदावर आणता येतं. तेवढ्या एका गुणावर तिनं हवालदारकी मिळवली आणि पुढं सहाय्यक फौजदार झाली. त्याचा तिला अभिमानही होता, आणि का नसावा?

एकदा चहाच्या वेळी साहेबानं विचारलं, "हे नेलान, मोडलीन... शेवटी तो न कशाला लावता तुम्ही लोक?"

सावित्री हसली. "साहेब, आमच्याकडं क्रियापदाच्या शेपटीला माणूस बांधलेला असतो. केलंस म्हटलं की तू. केलान म्हटलं की तो, नाहीतर ती. वेगळं नाव घ्यावं लागत नाही."

"म्हणजे आरोपी क्रियापदातच सापडतो!" साहेब म्हणाला, आणि दिवसभर येईल त्याला ते सांगत सुटला.

ही हौसेनं सांगितलेली गोष्ट पुढं आपल्याच मानेवर बसणार आहे, हे सावित्रीला तेव्हा कुठलं माहीत असायला?

मैना तांबे आली ती त्यानंतरच्या उन्हाळ्यात. बौद्धवाडीतली विधवा बाई, सावित्रीच्याच वयाची. तिचा मुलगा संदेश मिरजोळ्याला एका कंपनीत कामाला होता. कंपनीतली तांब्याची केबल नाहीशी झाली, संशय त्याच्यावर आला आणि शिपाई सुजय त्याला चौकशीसाठी ठाण्यात घेऊन आला. ती केबल नंतर कंपनीच्याच दुसऱ्या गोदामात सापडली, पण नंतर. त्या दिवशी मैना पोरासाठी भाकरी घेऊन आली होती. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं. संदेशला सरकारी दवाखान्यात नेलं. मैना तिथून उठून परत ठाण्यात आली, त्याच शिपायाची तक्रार त्याच ठाण्यात द्यायला. दुसरीकडं कुठं द्यायची असते हे तिला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरीकडं देण्याची सोयही कुणी केलेली नव्हती. पोलिसाविरुद्ध तक्रार पोलिसाकडंच, लिहिणारा पोलीस, तपासणारा पोलीस आणि तथ्य नाही म्हणणाराही पोलीस. असा कारभार पिढ्यान्‌पिढ्या चालला होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मैना टेबलापुढं उभी राहिली. रडली नाही. "दारातना बगितलंय मी," ती म्हणाली. "आत नेलान, भितीव आपटलान, कान फोडलान."

साहेबानं सवयीनं सावित्रीकडं पाहिलं. "काय म्हणते?"

सुजय त्या वेळी खोलीत नव्हता. थोड्या वेळापूर्वी तो आला होता, एक अक्षर न बोलता त्यानं सावित्रीच्या पुढ्यात चहाचा पेला ठेवला होता. साखर कमी, तिला लागतो तसा. मुरुडचा पोरगा, दापोलीकडचा. तिला ताई म्हणायचा, भाऊबीजेला ओवाळून घ्यायचा. बायको पहिलटकरीण, माहेरी गेलेली. सावित्रीनं चहाचा घोट घेतला होता. तो अजून तोंडात गोड होता.

"मुलाला आत नेलं," ती म्हणाली, "तो भिंतीवर आपटला, कान फुटला, असं म्हणते."

"आपटला ना? आपटला," साहेब म्हणाला आणि त्याचा चेहरा सैल झाला. "लिहून घ्या तसं."

सावित्रीनं तसं लिहून घेतलं. एका अक्षराचा तर प्रश्न, ती मनाशी म्हणाली. चौकशी होणारच आहे, दवाखान्याचा कागद आहे, पोरगा स्वतः सांगेल, आपण कोण लागून गेलो. माणूस वाईट काम करताना स्वतःला फार लहान करून घेतो. मग जबाब वाचून दाखवला, खाली नेहमीची ओळ होतीच, 'वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे,' आणि मैनानं अंगठा दिला. जाताना तिनं सावित्रीच्या हाताला हात लावला.

चौकशी झाली. म्हणजे त्याच साहेबानं कागद पुढं ओढला आणि वाचला. आईच्या जबाबात मुलगा स्वतः आपटल्याचं स्पष्ट. संदेश दवाखान्यातून आल्यावर वेगळं सांगू लागला, तेव्हा 'मुलगा आता शिकवल्याप्रमाणे बोलत आहे' असा शेरा पडला. तक्रारीत तथ्य नाही. सुजयला तोंडी समज देण्यात आली. समज म्हणजे साहेब त्याला म्हणाला, "जरा जपून रे." प्रकरण नस्तीबंद झालं, आणि खात्यात नस्तीबंद झालेली गोष्ट मेलेल्या माणसासारखी असते, तिच्याविषयी कुणी वाईट बोलत नाही.

संदेशचा डावा कान गेला. मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू येईना, म्हणून कंपनीनं त्याला काढलं. तो चिरेखाणीवर कामाला लागला. तिथं दगड कापायच्या मशिनीचा एवढा गोंगाट की सगळेच बहिरे, त्यामुळं त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

हे सगळं सावित्रीला कळलं ते मैनाकडूनच. कारण मैना तिला विसरली नाही. त्या दिवाळीला ती क्वार्टरच्या दाराशी उभी राहिली, हातात कुळथाच्या पिठीची पिशवी. "घे गो बाय. नवी पिठी. त्या ठान्यात तूच येक माज्या सबदाला जागलीस."

सावित्रीनं पिशवी घेतली, चहा टाकला. मैना ओट्यावर बसून हसत हसत सांगत होती, "संदेस म्हनतो, आये, कागदात शिपायाचा हात नाय, मी आपसूक आपटलो असं हाय. मी म्हनलं, गप रं! बायनं माज्यासमोर वाचलान, मी कानांनी ऐकलंय. तुजा येक कान गेला, आता डोळंबी गेलं काय?"

सावित्री हसली. त्या हसण्याची तिला इतकी लाज वाटली की मैना गेल्यावर ती कितीतरी वेळ चुलीपाशी नुसती उभी राहिली. संध्याकाळी तिनं पिठलं केलं. उकळी आली, लसणीचा वास सुटला, आणि तिला ते खाववेना. तेव्हापासून दर दिवाळीला पिठी यायची आणि डब्यात पडून राहायची. पोरकिडे लागायचे. ती उन्हात घालायची, चाळायची, परत डब्यात भरायची. टाकायची नाही आणि खायचीही नाही.

पुढं साहेब बदलून गेला. सुजयची बदली खेडकडं झाली. तिथं लोट्याच्या कारखान्यातून बसनं घरी निघालेल्या एका कामगाराला त्यानं रस्त्यात उतरवून मारल्याची तक्रार आली. या वेळी कामगाराच्या बरोबरीचे लोक जमले, बोंबाबोंब झाली. वरिष्ठांनी सुजयचं आधीचं वर्तन तपासलं तर पाटी कोरी. एक जुनी तक्रार होती, पण तिच्यात तथ्य नव्हतं.

ही बातमी सावित्रीला ठाण्यातच कळली. कामगाराचा जबडा मोडला म्हणे. तिनं रामाला मुंबईला फोन केला आणि कधी नव्हे ते सगळं सांगितलं. रामानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू थोडीच मारलंस? रिटायर व्हायला आलीस. आता गप ऱ्हा. चौकशी लागली तर पेन्शनीचे कागद अडकतील तुजे."

"मी नाय मारलं," सावित्री म्हणाली. "पन दुसऱ्यांदा मारायला त्याला मोकळा मीच सोडला."

"तुला काय करायचं ते कर," रामा म्हणाला, आणि त्यात राग नव्हता. पण ती गप्पच राहिली. बोलायचं असं रोज ठरवायची आणि रोज गप्प राहायची.

त्या बोंबाबोंबीतून जिल्ह्यात नवी पद्धत सुरू करायचं ठरलं. पोलिसाविरुद्धची तक्रार त्याच ठाण्यात घ्यायची नाही. वेगळा कक्ष, बाहेरचा अधिकारी. उपअधीक्षक वेदिका मॅडमकडं ते काम आलं. कोल्हापूरकडची तरुण बाई, कामाचा झपाटा मोठा आणि स्वभावाला आडपडदा नाही. तिनं जुन्या अनुभवी लोकांची बैठक बोलावली आणि विचारलं, "जबाब बिघडतो कुठं? मला पुस्तकातलं नको. तुम्ही बघितलेलं सांगा."

कुणी काही सांगेना. बिघडवणारेच सगळे समोर बसलेले, सांगणार कोण? कुणी म्हणालं, कॅमेरा बसवा. कुणी म्हणालं, मनुष्यबळ कमी आहे. ते तर खात्यात कशालाही उत्तर म्हणून चालतं. सावित्री मागच्या खुर्चीवर होती. तिच्या तोंडून एकदम निघून गेलं, "लिहिणाऱ्यानं वाचू नये."

"म्हणजे?"

"जबाब ज्यानं लिहिला त्यानंच तो वाचून दाखवू नये, मॅडम. दुसऱ्यानं वाचावा. कागदावर असेल तेवढंच तो वाचेल."

दोघं-तिघं हसले. वेदिका हसली नाही. तिनं ते लिहून घेतलं. बैठक संपल्यावर तिनं सावित्रीला थांबवलं. "शिवगणताई, हे इतकं साधं कुणाला सुचलं नव्हतं. तुम्हाला कसं सुचलं?"

"अनुभवातून," सावित्री म्हणाली.

अनुभव असा होता. त्या दिवशी मैनाला जबाब वाचून दाखवताना सावित्रीच्या डोळ्यांपुढं पडद्यावर 'आपटला' होतं. आणि मैना तोंडाकडं टक लावून बसली होती. 'आपटला' म्हटलं असतं तर ती तिथंच उसळली असती, कारण तिला वाचता येत नव्हतं पण ऐकता चांगलं येत होतं. म्हणून सावित्रीनं वाचताना सगळं परत बोलीत आणलं, "आत नेलान, भितीव आपटलान, कान फोडलान." डोळ्यांनी एक वाचलं आणि जिभेनं दुसरं. लिहिताना एक वेळ तोंडातल्या चहानं घात केला म्हणता येईल. वाचताना चहा थंड झालेला होता. वाचलं ते तिनं जाणून वाचलं. अंगठा मिळावा म्हणून.

हे तिनं रामालाही सांगितलेलं नव्हतं.

नवा नियम झाला. लिहिणारा वेगळा, वाचणारा वेगळा. तक्रारदाराचे शब्द त्याच्याच बोलीत जसेच्या तसे. शिवाय आवाजाचं रेकॉर्डिंग. सगळीकडं शिवगणताईंचं नाव झालं. तिला बोलीची मदतनीस म्हणून कक्षावर घेतलं. लोक कौतुक करायचे आणि तिला ते कौतुक अंगावर पाल पडल्यासारखं वाटायचं.

मग वेदिकानं सुजयविरुद्धची जुनी तक्रार पुन्हा ऐकायची ठरवली. मूळ जबाबावर साहेबाची सही होती, लिहिणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं. सुनावणीच्या दिवशी सकाळी सावित्रीच्या हातात फाइल पडली तेव्हा 'मॅडम, यात मी नको' एवढं तिनं म्हणायला हवं होतं. ती फाइल घेऊन मॅडमच्या दारापर्यंत गेलीही. आत कुणीतरी बसलेलं होतं. तेवढं निमित्त तिला पुरलं.

सुनावणी विश्रामगृहाच्या खोलीत ठेवली होती, लोकांना ठाण्याची भीती वाटू नये म्हणून. खिडकीबाहेर रातांब्याचं झाड होतं. टेबलाशी वेदिका, शेजारी लिहायला अनिल, तोही देशावरचाच, आणि मध्ये रेकॉर्डिंगचं यंत्र. मैना संदेशला घेऊन आली. धुतलेली नऊवारी नेसलेली, हातात पिशवी. दिवाळी नव्हती तरी पिशवी होती. सावित्रीला बघून तिचा चेहरा उजळला.

"तू हायस? मंग झालां!" आणि ती संदेशच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाली, "बाय हाय रं. काय भ्या नाय."

वेदिकानं समजावून सांगितलं. घाई नाही, तुमच्याच शब्दांत सांगा, इथं तुमचा एकही शब्द बदलणार नाही. अनिलनं यंत्र सुरू केलं. मैनानं पदर सारखा केला, घसा खाकरला, आणि शाळेतली पोर कविता म्हणते तशी, शुद्ध, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"मुलास आत नेले. तो भिंतीवर आपटला. त्याचा कान फुटला."

अनिलनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

वेदिकानं मान वर केली. "तो स्वतः आपटला, मावशी?"

"व्हय. भिंतीवर आपटला."

"कोणी काही केलं नाही?"

"आता काय सांगतंय मी? आपटला." मैना जरा चिडली. सगळ्यांनाच कसं परत परत सांगायचं, असा तिचा सूर होता.

"मावशी, तुमच्या शब्दांत सांगा. घरी बोलता तसं."

"ह्येच माजं सबूद. तुमच्याच बोलीत सांगतंय, तुमाला कळावं म्हनून. पाठ केलंय मी." आणि तिनं अभिमानानं सावित्रीकडं पाहिलं.

मग सावित्रीला सगळं कळलं. गेली कितीक वर्षं मैना कचेऱ्यांतून फिरली होती. प्रत्येक टेबलावरचा माणूस तोच कागद काढून वाचायचा, "तुमच्याच जबाबात आहे, मुलगा भिंतीवर आपटला." आणि त्याच कागदावरून सावित्रीनं तर तिला 'आपटलान' असं वाचून दाखवलेलं. कागद एकच. सावित्री खोटं वाचणार नाही, यावर तिचा भरवसा. मग याचा अर्थ एकच निघत होता. आपण ज्याला आपटलान म्हणतो त्याला शहरात आपटला म्हणतात. बाईनं सरळ हिशेब केला होता आणि सरकारची बोली घोकून आली होती. नव्या पद्धतीनं तिचे शब्द जसेच्या तसे घ्यायचं ठरवलं होतं, पण तिच्यापाशी तिचे शब्दच उरले नव्हते.

वेदिकानं पेन खाली ठेवलं. "प्रत्यक्ष पाहणारी साक्षीदारच असं म्हणते..." ती हळूच अनिलला म्हणाली. संदेश मान खाली घालून बसला होता, त्याला बहुतेक काही ऐकूच आलेलं नव्हतं.

खोलीत ज्याला त्यातलं कळत होतं असं एकच माणूस होतं. सावित्री उठून उभी राहिली.

"मॅडम, हे तिचे शब्द नाहीत. माझे आहेत."

"म्हणजे काय?"

अनिलचा हात यंत्राकडं गेला. "बंद करू?"

"चालू राहू दे," सावित्री म्हणाली. "मूळ जबाब मी लिहिला. ती म्हणाली होती आपटलान. म्हणजे त्यानं आपटलं, शिपायानं. मी लिहिलं आपटला. शेवटचा न मी खाल्ला. सुजय माझ्या ओळखीचा होता. त्या एका अक्षरानं तो सुटला."

वेदिका तिच्याकडं बघतच राहिली. "ताई, याचा परिणाम काय होईल ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे."

पण मैनाच मध्ये पडली. "मॅडम, हिचं ऐकू नका! हिला दुसऱ्या कोनी धमकावलं आसंल. हिनं आपटलानच वाचलान. माज्या कानांनी ऐकलंय मी." तिनं सावित्रीचा हात धरला. "तू घाबरू नको गो. मी हाय."

सावित्रीला वाटलं, धरणी दुभंगावी. तिनं आयुष्यात पुष्कळ आरोपी कबूल होताना पाहिले होते आणि कबुली द्यायला इतका वेळ का लावतात याचं तिला नेहमी नवल वाटायचं. आता वाटलं नाही.

"वाचलं बराबर गो मैना," ती म्हणाली. इतक्या वर्षांत खात्याच्या कामात स्वतःचं काही सांगायला कधी न वापरलेली आपली बोली तिच्या तोंडी आली. "पन कागदाव ते नव्हतां. कागदाव आपटला होतां. तू अंगठा द्यावास म्हनून मी तसां वाचलां. फसवलां मी तुला."

मैनाचा हात तिच्या हातावर तसाच होता. मग तो हळूच निघाला. बाहेर रातांब्यात एक पाखरू ओरडत होतं आणि यंत्रावरचा तांबडा दिवा पेटलेला होता.

"आये," संदेशनं विचारलं, "काय म्हनत्ये ती?"

मैना त्याच्या उजव्या कानाशी वाकली आणि तिनं सांगितलं. मोठ्यानं सांगावं लागलं, त्यामुळं सगळ्यांना ते दुसऱ्यांदा ऐकावं लागलं. "तू बोलत व्हतास ते खरां व्हतां रं. मीच तुला गप केला." संदेश सावित्रीकडं बघत होता. त्याच्या नजरेत राग असता तर सावित्रीला बरं वाटलं असतं. पण त्यानं नुसतं, अखेर कुणीतरी बोललं, अशा नजरेनं पाहिलं आणि मान दुसरीकडं वळवली.

मैना सरळ बसली. पाठ केलेली भाषा तिनं टाकून दिली. "लिव रं बाबा," ती अनिलला म्हणाली. "माज्या पोराला आत नेलान, भितीव आपटलान, कान फोडलान." मग थांबली. सावित्रीकडं तिनं बोट केलं नाही, बघितलंही नाही. "आनि हिनं माजा सबूद खाल्लान. त्ये बी लिव."

अनिलची बोटं अडखळली. "खाल्ला... असं लिहू?"

वेदिकानं सवयीनं सावित्रीकडं पाहिलं, जसं आजवर सगळे साहेब पाहत आले होते.

"खाल्लान," सावित्री म्हणाली. "शेवटी न आहे."

अनिलनं तो न लिहिला. कागद छापून आला. नियमाप्रमाणं लिहिणाऱ्यानं वाचला नाही. वेदिकानं हातात घेतला आणि एकेक शब्द सुटा करून, 'न'वर जोर देऊन वाचून दाखवला. खाली नेहमीची ओळ होती, तीही वाचली. मग अनिलनं शाईचा पॅड पुढं सरकवला.

मैनानं अंगठा पुढं केला आणि मागं घेतला. कागद उचलून तिनं संदेशच्या पुढं धरला.

"तू वाच रं," ती म्हणाली. "बग, हाय का तो न?"

संदेशनं ओळींवरून बोट फिरवलं, एकदा वरच्या आणि एकदा खालच्या. सावित्री उभीच होती, तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

"हाय, आये," तो म्हणाला.

तेव्हा मैनानं अंगठा दिला. मग तिनं बाकावरची पिठीची पिशवी उचलून काखेत मारली, पोराचा दंड धरला आणि ती निघून गेली.